प्रस्तावना : यंत्र घेणे आणि काम बदलणे

१९७२ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वयंचलनाविषयीचा आपला अहवाल केंद्र सरकारला सादर केला. त्यामागे आधीच्या दशकातला संघर्ष होता. आयुर्विमा महामंडळाने मोठे संगणक आणायचे ठरवले, तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला होता. आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. देशातले गरीब मोजणाऱ्या अर्थशास्त्रज्ञालाच संगणकाचे काय करायचे हे विचारले गेले, यात मला मोठे औचित्य वाटते. बेरोजगारी एवढी असताना माणसाच्या हातचे काम यंत्राला द्यायचे का, हा प्रश्न तंत्रज्ञाचा नव्हताच. देशाचे उत्पन्न कसे वाढते आणि वाढलेले उत्पन्न कोणाच्या घरी जाते, हा तो प्रश्न होता.

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने परत आला आहे. परिस्थितीत मात्र मोठा फरक आहे. तेव्हा संगणक आणायला आयात परवाना लागे, परकीय चलन लागे, वातानुकूलित खोली लागे. सरकारला हवे तर 'नको' म्हणता येत होते. आज लातूरचा अडत्या, गडहिंग्लजचा विद्यार्थी आणि मंत्रालयातला कक्ष अधिकारी यांच्या खिशातल्या फोनवर हे तंत्र येऊन बसले आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागलेली नाही. दार लावून घेण्याचा पर्याय उरलेला नाही. म्हणून हे पुस्तक 'येऊ द्यावे की नाही' या वादात शिरत नाही. आलेल्या तंत्राने राष्ट्राची आर्थिक वाढ होते का, होत असेल तर कोणत्या वाटेने, आणि ती वाट कुठे अडते, एवढ्यापुरता त्याचा आवाका आहे.

संगणकाच्या त्या जुन्या वादाचा शेवट आपल्याला माहीत आहे. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार केला, १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, १९८५-८६ च्या सुमारास रेल्वेचे आरक्षण संगणकावर येऊ लागले. पुढे याच देशात माहिती तंत्रज्ञानाचा एवढा मोठा उद्योग उभा राहिला की आज पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात थेट काम करतात. 'तेव्हाची भीती खोटी ठरली, आताचीही ठरेल' असे त्यावरून अनेक जण सांगतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या नोकऱ्या बँकांच्या काउंटरवर संगणक बसल्यामुळे आलेल्या नव्हत्या. इंग्रजी जाणणारा, हिशेबाला पक्का आणि परदेशी पगाराच्या मानाने स्वस्त असा आपला तरुण जगाला हवा होता, म्हणून त्या आल्या. नेमकी हीच कामे, म्हणजे प्राथमिक स्वरूपाचे कोड लिहिणे, तपासणे, ग्राहकाच्या शंकेला उत्तर देणे, कागदपत्रांतून माहिती काढणे, नवे यंत्र सर्वांत आधी शिकले आहे. गेल्या वेळी लाट आपल्या बाजूने वाहत होती. या वेळीही तसेच होईल असे गृहीत धरायला काही आधार नाही.

आता वाढीच्या आकड्यांकडे वळू. २०२३ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या अर्थतज्ज्ञांनी असा अंदाज मांडला की दहा वर्षांच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे जगाचे एकूण उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढू शकेल. पुढच्याच वर्षी, ज्या वर्षी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्याच २०२४ साली, डॅरन ॲसिमोग्लू यांनी अमेरिकेपुरता हिशेब केला. दहा वर्षांत एकूण घटक उत्पादकतेत, म्हणजे तेवढ्याच श्रम-भांडवलातून निघणाऱ्या उत्पादनात, फार तर ०.६६ टक्क्याची भर पडेल असे त्यांचे उत्तर आले. दोन्ही आकडे अगदी एकाच गोष्टीचे नाहीत, तरी एवढ्या अंतराचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲसिमोग्लूंची पद्धत साधी आहे. अर्थव्यवस्थेतल्या सगळ्या कामांपैकी किती कामे हे यंत्र करू शकते, त्यांतली किती कामे दहा वर्षांत यंत्राकडे देणे मालकाला खरोखर परवडेल, आणि तसे केल्याने खर्च किती वाचेल, यांचा ते गुणाकार करतात. दुसरी पायरी गाठेपर्यंत आकडा आक्रसून पाच टक्क्यांच्या खाली येतो. यंत्र काय करू शकते आणि दुकानात, कचेरीत, शेतात ते प्रत्यक्ष किती राबेल, या दोहोंमधले अंतर कोण किती धरतो यावर सगळे अंदाज हेलकावे खातात. या पुस्तकाचा विषय ते अंतर आहे.

या अंतराचा सर्वांत चांगला अभ्यास विजेच्या इतिहासात सापडतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एडिसनचे न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. १९०० साली, म्हणजे अठरा वर्षांनी, अमेरिकी कारखान्यांतल्या यंत्रांना मिळणाऱ्या चालकशक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी होता. तो निम्म्यावर जायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये याची कारणमीमांसा केली. वाफेच्या कारखान्यात तळाशी एक मोठे इंजिन असे. त्यावरून छताजवळचा लांबच लांब शाफ्ट फिरे आणि त्याला जोडलेल्या पट्ट्यांवर सगळी यंत्रे चालत. शाफ्टपासून दूर यंत्र ठेवता येत नसे, म्हणून कारखाने मजल्यावर मजले चढवून बांधलेले. वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचे इंजिन काढून तिथे एक मोठी मोटार बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच, मजले तेच. कोळशाचा खर्च थोडा वाचला, उत्पादकता फारशी हलली नाही. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार द्यावी आणि कच्चा माल ज्या क्रमाने पुढे सरकतो त्या क्रमाने यंत्रे मांडावीत, हे एका नव्या पिढीच्या अभियंत्यांना सुचले. मग एकमजली, ऐसपैस, उजेडाचे कारखाने उभे राहिले आणि उत्पादकतेने उडी घेतली. मोटार विकत घ्यायला एक दिवस पुरे होता. कारखान्याची मांडणी बदलायला चाळीस वर्षे गेली.

आज आपल्या बहुतेक संस्थांत एआय शिरतो आहे तो जुन्या शाफ्टला नवी मोटार जोडल्यासारखा. पत्राचा मसुदा यंत्र लिहून देते, पण फाइल त्याच सात टेबलांवरून फिरते. मसुद्याची वीस मिनिटे वाचतात, सातव्या टेबलावरचे तीन आठवडे तसेच राहतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात ती वीस मिनिटे कुठेच दिसणार नाहीत. जेफ्री डिंग या अभ्यासकाने २०२४ च्या आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले आहे की मोठे तंत्रज्ञान प्रथम कोणी शोधले यापेक्षा ते सगळ्या अर्थव्यवस्थेत खोलवर कोणी पसरवले, यावर राष्ट्रांचे आर्थिक बळ ठरत आले आहे. मला हे पटते. आपल्याकडच्या चर्चेत मात्र 'आपले स्वतःचे मॉडेल कधी?' हा एकच प्रश्न सगळी जागा व्यापतो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली ती १९१५ साली, आणि तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक गिरण्याच होत्या. म्हणजे नवी शक्ती आपल्याकडे उशिरा पोचली असे म्हणता येत नाही. पण पुढच्या कित्येक दशकांत अनेक मालकांनी नफा नव्या मागांत घातला नाही. १९८२ चा संप सुमारे अडीच लाख कामगारांचा होता. त्यानंतर कापड विणण्याचे काम गेले कुठे? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, आणि त्यांतले कितीतरी माग गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. नव्या यंत्राने जुन्याला हरवले असे तिथे घडले नाही. स्वस्त मजुरीने, बारा-बारा तासांच्या पाळीने संघटित कामगाराला हरवले. मजूर स्वस्त असला की मालकाला यंत्रावर आणि यंत्राभोवतीच्या नव्या मांडणीवर पैसे घालण्याची घाई नसते. भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वीकार किती वेगाने होईल याचा अंदाज बांधताना परदेशी अहवाल ही गोष्ट विसरतात. ज्या कामाला तिथे ताशी वीस डॉलर मोजावे लागतात, त्या कामाला इथे महिन्याचा पगारही काही हजारांचा असतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल. प्रगत देशांत हे प्रमाण ६० टक्के आहे, तर सर्वांत गरीब देशांत २६. आपल्याला झळ कमी बसेल, असे समाधान या आकड्यांतून करून घेता येईल. पण ज्या देशाला स्पर्श कमी, त्याच्या वाट्याला लाभही कमी, हाही त्यांचाच अर्थ आहे.

यंत्राभोवतीची मांडणी बदलली तर काय होते, हे क्षयरोगाच्या उदाहरणात दिसते. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. अनेक तालुक्यांच्या ठिकाणी एक्स-रे यंत्र असते, पण फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्यालाही पुरत नाही. छातीचा एक्स-रे पाहून संशयित ओळखणारी संगणक प्रणाली वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी ती होती. अशी प्रणाली तयार करणाऱ्यांत मुंबईची क्युअर.एआय ही कंपनी आहे. मिनिटभरात यंत्र सांगते की या फुफ्फुसाकडे पाहायला हवे.

पुढे काय होते ते पाहा. रुग्ण मोलमजुरीचा. एक्स-रे काढून तो गावी गेला तर परत येईलच असे नाही. यंत्राचा निकाल तो तिथेच बसलेला असताना हाती आला, त्याच वेळी थुंकीचा नमुना घेतला गेला, नमुन्याची तपासणी जवळच झाली आणि आशाताईच्या यादीत त्याचे नाव त्याच दिवशी गेले, तर महिनाभराचा उशीर टळतो. तेवढ्या काळात घरातल्या चौघांना होणारी लागण टळते, आणि कमावत्या माणसाचे बुडणारे दिवस वाचतात. हे सगळे आर्थिक उत्पन्नच आहे. पण निकाल आठवड्याने कळला किंवा तपासणी यंत्राची काडतुसे (कार्ट्रिज) संपलेली असली, तर ते मिनिट वाचले काय आणि न वाचले काय. विकासाचे मोजमाप प्रणालीच्या अचूकतेत शोधू नये. संशय येण्यापासून औषधाची पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती दिवस गेले, ते मोजावे.

शेतीत हीच गोष्ट अधिक अवघड होते. देशातले ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि राष्ट्रीय मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिथे थोडीशी उत्पादकता वाढली तरी सर्वाधिक माणसांना स्पर्श होतो. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. त्यानंतर कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढून फवारणी केव्हा करावी हे सांगणारी प्रणाली मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने विकसित केली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी मातीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रे आणि हवामान यांची सांगड घालण्याचा प्रयोग चालू आहे. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर करून सुरुवातीला ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. मला या प्रयत्नांविषयी आस्था आहे, आणि म्हणूनच एक काळजी स्पष्ट लिहितो. फवारणीचा सल्ला अचूक आला, पण औषध उधारीवर देणारा कृषी सेवा केंद्राचा मालकच शेतकऱ्याचा खरा सल्लागार असेल, तर सल्ला कोणाचा चालेल? उसाचे उत्पादन वाढले आणि पाण्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, तर शेजारच्या कोरडवाहू गावाचे काय? शिवाय अशा प्रणालीला आधी हे ठाऊक असावे लागते की कोणत्या गटात आज कोणते पीक उभे आहे. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू केली, शेतकऱ्याने स्वतः फोनवरून पिकाची नोंद करायची. सातबाऱ्यावरची नोंद खरी असणे ही फार नीरस वाटणारी बाब आहे, पण शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया तोच आहे. चुकीच्या नोंदीवर शिकलेले यंत्र चुकीचाच सल्ला देते, आणि फार आत्मविश्वासाने देते.

छोट्या धंद्यांविषयी केनियात झालेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तिथल्या छोट्या व्यावसायिकांना व्हॉट्सॲपवर एआयचा सल्ला मिळेल अशी सोय केली गेली. सरासरी फरक जवळजवळ शून्य निघाला. आत पाहिले तेव्हा कळले की ज्यांचा धंदा आधीच बरा चालला होता त्यांची कामगिरी सुमारे १५ टक्क्यांनी सुधारली, आणि जे अडचणीत होते त्यांची सुमारे ८ टक्क्यांनी घसरली. सल्ला सगळ्यांना मिळत होता. कोणता प्रश्न विचारावा आणि आलेल्या दहा सूचनांतली कोणती आपल्याला लागू पडते, हे ओळखण्याची ताकद सगळ्यांकडे नव्हती. आपल्याकडे सहा कोटींच्या घरात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग आहेत. त्यांना नुसते ॲप वाटून वाढ होईल असे मानणाऱ्या प्रत्येक योजनेने हा प्रयोग वाचायला हवा.

याच्या उलट निष्कर्षही आहे, आणि तो लपवून चालणार नाही. पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासात एआयच्या मदतीने उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली, आणि नवख्यांची तर ३४ टक्क्यांनी. जुन्या, कसबी माणसाचे बोलणे यंत्राने शिकून घेतले आणि नव्याच्या कानात सांगितले. पुण्याच्या हिंजवडी आणि खराडीतल्या आयटी कंपन्यांच्या दृष्टीने हा आनंदाचाही निष्कर्ष आहे आणि धास्तीचाही. नवखा लवकर तयार होतो, पण मग नवखे लागतात कमी. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० कर्मचारी, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. एआय हे त्याचे कारण नसल्याचे कंपनीने सांगितले. ते मान्य केले तरी प्रश्न उरतोच. जळगाव, नांदेड, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेला मुलगा किंवा मुलगी गेली पंचवीस वर्षे ज्या पहिल्या पायरीवरून मध्यमवर्गात चढत आली, ती पायरी अरुंद झाली तर तिच्या जागी काय आहे? २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार २०३० पर्यंत देशाला दरवर्षी सरासरी ७८.५ लाख बिगरशेती रोजगार लागतील. उत्पादकता वाढली आणि पहिली पायरी गेली, तर वाढ होईल, पण तिला विकास म्हणणे मला जड जाईल. पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण याच विषयाला दिले आहे, आणि तसे केल्याबद्दल मी समाधानी आहे.

यंत्रशक्ती आणि तिची मालकी याविषयी थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सुमारे १०,३७२ कोटींचे इंडिया एआय मिशन मंजूर केले. संशोधकांना आणि नवउद्योगांना स्वस्तात संगणनशक्ती मिळावी हा त्याचा एक मुख्य हेतू आहे. अमेरिकेने महासंगणक देण्यात आडकाठी केली तेव्हा पुण्यात विजय भटकर आणि सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, त्याचा अभिमान रास्तच आहे आणि तशी तयारी आजही हवी. तरीही बँकेच्या खिडकीसमोरची रांग कमी केली ती साध्या संगणकांनी आणि बदललेल्या कार्यपद्धतीने, हे विसरू नये. नवी मुंबईत उभी राहणारी डेटा सेंटरे गुंतवणूक आणतात, वीज भरपूर खातात आणि इमारत पूर्ण झाल्यावर माणसे फार थोडी लावतात. त्यांच्याकडे रोजगाराचे साधन म्हणून पाहू नये.

भाषेचा मुद्दा मात्र थोडक्यात आटपता येत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते. इतक्या लोकांच्या भाषेत यंत्र कच्चे असेल, तर तेवढ्या लोकांपुरता स्वीकारच कच्चा राहतो. अनेक मॉडेलांत देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे (टोकन) पडतात, आणि आकारणी तुकड्यांवर असल्यामुळे तोच प्रश्न मराठीत विचारणे महाग पडते. 'भाषिणी' हा केंद्राचा उपक्रम आणि मद्रास आयआयटीतला 'एआयफॉरभारत' गट भारतीय भाषांची सामग्री गोळा करत आहेत. पण अहिराणी बोलणारी बाई तलाठ्याला काय विचारते, झाडीबोलीत ताप कसा सांगितला जातो, मालवणी मच्छीमार जाळ्याच्या भागांना काय म्हणतो, हे दिल्ली-चेन्नईत बसून मिळणार नाही. ते इथल्या विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी, आकाशवाणीच्या जुन्या संग्रहांनी पुरवायचे आहे. त्याला येणारा खर्च सार्वजनिक गुंतवणूक म्हणून अर्थसंकल्पात धरला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

मोजमापाबद्दल एक गोष्ट सांगून थांबतो. अमेरिकेचे जनगणना कार्यालय दर दोन आठवड्यांनी उद्योगांना विचारते की तुम्ही वस्तू किंवा सेवा तयार करताना एआय वापरला का. २०२३ च्या शरदात 'हो' म्हणणारे चार टक्क्यांच्या आत होते, २०२५ च्या मध्यावर ते नऊच्या आसपास आले. एवढ्या गाजावाजानंतर, तेही जगातल्या सर्वांत पुढारलेल्या देशात, दहांतला एकही पुरता नव्हता. आपल्याकडेही उद्योगांच्या वार्षिक पाहणीत आणि असंघटित उद्योगांच्या सर्वेक्षणात हा प्रश्न नियमित विचारला जावा, आणि त्याला जोडून दुसराही: वापरल्यानंतर कामाची पद्धत बदलली का, आणि कोणाचे काम बदलले? पुढच्या प्रकरणांत शेती, आरोग्य, लघुउद्योग, माहिती तंत्रज्ञान, शासन आणि भाषा या क्रमाने याच दोन प्रश्नांचा पाठपुरावा केला आहे. संरक्षण आणि निवडणुका हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, कारण त्यांचे अर्थशास्त्र वेगळे आहे. ज्यांना आकडेवारीची सवय नाही त्यांनी आरोग्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि पद्धतिशास्त्राचे प्रकरण शेवटी वाचावे.